इंकस्टिच: मराठी अक्षरं भरणाऱ्यांनी शिकून घ्यावं असं पंचिंगचं सॉफ्टवेअर

मशीनवर भरायचं डिझाईन कॉम्प्युटरवर तयार करणं, म्हणजे आपल्या धंद्यात ज्याला पंचिंग म्हणतात ते काम, मी इंकस्टिचवर करते. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कुणाच्या पेनड्राइव्हवरून आणलेली चोरीची प्रत नव्हे, तर बनवणाऱ्यांनीच सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं. ज्यांना मोर, वेलबुट्टी आणि बाजारात मिळणारी तयार डिझाईनंच भरायची आहेत, त्यांनी यासाठी वेळ घालवला नाही तरी चालेल. पण मराठी नावं, मराठी मजकूर भरायचा असेल तर याच्याइतकं उपयोगी दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. त्याचं कारण नीट सांगायचं आहे, म्हणून हे जरा लांबण लावून लिहिते.

माझं काम साताऱ्यात, घराच्या पुढच्या खोलीत चालतं. मशीन एका सुईचं, उषा जानोमेचं मेमरी क्राफ्ट ४५०ई. मोठी फ्रेम २०० बाय २८० मिलिमीटरची, आणि डिझाईनची फाइल लागते जेईएफ प्रकारची. लग्नसराईत अंतरपाट आणि उपरणी, मधल्या काळात बारशाची दुपटी-टोपडी, गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचे झब्बे. या सगळ्यात एकच गोष्ट सामाईक आहे: देवनागरी अक्षर. नवरीची आई येते आणि म्हणते, "ताई, नावं लांबून वाचता आली पाहिजेत बरं का, फोटोत यायला हवीत." मशीनमधली रोमन अक्षरं इथे काही कामाची नाहीत.

बाहेरून पंचिंग करून घेणं हा रस्ता आहेच. माणसं हाताने सफाईदार असतात, पण मराठी न वाचणाऱ्या माणसाकडून अक्षर आलं की फार बारकाईने तपासावं लागतं. अंतरपाटावर सगळ्यात जास्त भरले जाणारे शब्द घ्या, 'शुभमंगल सावधान'. यात भ आहे आणि ध आहे. या दोन्ही अक्षरांवर शिरोरेघ डावीकडून सलग येत नाही, मध्ये फट असते. ती फट बुजली की भ चा म होतो आणि ध चा घ. पंचिंग करणारा वेळ वाचवायला शब्दावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पट्टी ओढतो, आणि कापडावर उमटतं 'शुममंगल सावघान'. अशी फाइल माझ्याकडे आलेली आहे. कॉम्प्युटरने आपोआप केलेल्या पंचिंगमध्येही हाच धोका: फट अर्धा-पाऊण मिलिमीटरची असेल तर दोन्ही बाजूंचा धागा फुगून ती आपोआपच भरून जाते. मराठी माणसाला ही चूक लांबूनही खुपते, आणि मंगलाष्टकं चालू असताना सगळा मांडव त्याच कापडाकडे बघत असतो.

इंकस्टिच हे स्वतंत्र सॉफ्टवेअर नाही. इंकस्केप नावाचं चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात ते जोडावं लागतं. आधी इंकस्केप टाकायचं, मग त्याच्या आवृत्तीला जुळणारं इंकस्टिच. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर चालतं. मराठीसाठी इंकस्केप असण्याचा फायदा असा की युनिकोडमध्ये टंकलेली जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जागच्या जागी बसतात. महागड्या पंचिंग सॉफ्टवेअरमध्येही मी 'ज्ञानेश्वरी'ची मोडतोड झालेली पाहिली आहे. इथे शब्द टंकला की तो शब्दासारखाच दिसतो.

फॉन्ट कोणता घ्यायचा यावर मात्र अर्धं काम अवलंबून आहे. पुस्तकात सुंदर दिसणारं, कुठे जाड कुठे केसासारखं बारीक असं अक्षर धाग्यात टिकत नाही. जाडी सगळीकडे सारखी हवी. मुंबईच्या एक टाईप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे दोन फॉन्ट मी जास्तीत जास्त वापरते. दोन्ही मोफत आहेत, धंद्यात वापरायला परवानगी आहे. मुक्तचं अक्षर सरळ, स्वच्छ, नावांसाठी ते. बालू गुबगुबीत, लहान मुलांच्या कपड्यांसाठी ते. ल आणि श मात्र बघून घ्या. पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात. मला पाकळीचा ल आणि देठाचा श लागतो, म्हणून ती दोन अक्षरं मी स्वतः वळवून ठेवली आहेत. गिऱ्हाईक कदाचित बोलून दाखवणार नाही, पण आपल्या घरच्या शुभकार्यात आपलं अक्षर असावं असं मला मनापासून वाटतं.

आता खरं पंचिंग. टंकलेल्या शब्दाचा इंकस्केपमध्ये पाथ, म्हणजे नुसता आकार, करून तो तसाच इंकस्टिचला दिला तर ते आतली जागा एकाच दिशेच्या टाक्यांनी भरून टाकतं. याला फिल म्हणतात. मोठ्या आकारांना तो बरा, पण अक्षराला निर्जीव दिसतो आणि कडा करवतल्यासारख्या येतात. अक्षराला हवं सॅटिन, म्हणजे रेघेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा आडवा टाका. त्यानेच धाग्याला चमक येते. यासाठी मी फॉन्टचा शब्द खाली फिकट ठेवते आणि त्यावरून प्रत्येक रेघेच्या मधोमध पेनने रेष काढते. रेषेची जाडी द्यायची, समजा सव्वादोन मिलिमीटर, आणि इंकस्टिचला सांगायचं की याचं सॅटिन कर. ते दोन कडा बनवतं आणि मध्ये आडव्या पायऱ्या टाकतं. या पायऱ्या टाक्याची दिशा ठरवतात, आणि त्या हाताने हलवता येतात. 'क' च्या पोटाला, 'ह' च्या वळणाला टाका कसा वळावा हे आपल्याला ठरवता येतं. मला या सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात आवडतं ते हेच. प्रत्येक टाका का पडतोय, हे करणाऱ्याला कळतं.

आकड्यांचंही सांगते, कारण नवीन माणूस तिथेच घाबरतो. सॅटिनच्या टाक्यांतलं अंतर सुरुवातीलाच ०.४ मिलिमीटर दिलेलं असतं. नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याला ते बरोबर आहे. जरीच्या धाग्याला मी ते ०.५ करते, ९० नंबरची सुई लावते आणि मशीनचा वेग अगदी कमी ठेवते. नाहीतर जर सोलवटून तुटते. सॅटिनची रुंदी १ मिलिमीटरच्या खाली नेऊ नये आणि ७ च्या वर नेऊ नये. खाली गेली तर टाके एकमेकांत रुततात, वर गेली तर धागा बांगडीत अडकतो. टाका कापडाला आत ओढतो, म्हणून पट्टी पडद्यावर दिसते त्याहून अरुंद उतरते. त्याची भरपाई करायला पुल कॉम्पेन्सेशन नावाचा आकडा आहे. सुती कापडाला मी ०.२ देते, टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला ०.४. वरच्या टाक्यांच्या आधी खाली पडणारे आधाराचे टाके, म्हणजे अंडरले, तीन प्रकारचे आहेत: मधोमध एक ओळ, कडेच्या आतून फिरणारी ओळ आणि नागमोडी. अरुंद रेघेला पहिला पुरतो. शिरोरेघेला मी पहिला आणि तिसरा दोन्ही देते.

शिरोरेघेवर थोडं थांबायलाच हवं. देवनागरी भरतकामाची परीक्षा तिथे होते. ती शब्दातली सगळ्यात लांब सरळ पट्टी. तिच्यात टाके उभे पडतात, म्हणून कापड उभ्या दिशेने आत ओढलं जातं आणि टाक्यांची रांग दोन्ही टोकांना कापड बाहेर ढकलते. परिणाम असा की शिरोरेघ काढल्यापेक्षा बारीक होते आणि दोन्हीकडे लांब सरकते. म्हणून रुंदीला भरपाई द्यायची आणि टोकं साधारण ०.३ मिलिमीटर आखूड ठेवायची. भ, ध, थ च्या फटीलाही हाच नियम. फट पडद्यावर १ मिलिमीटर दिसत असेल तर कापडावर ती जेमतेम अर्धी उरते, म्हणून मी ती दीड मिलिमीटर ठेवते. पडद्यावर ती जास्त वाटते, कापडावर बरोबर उतरते.

क्रमही महत्त्वाचा. आधी अक्षरांचे काने आणि पोटं, मग शिरोरेघ, मग वरच्या मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार. काने शिरोरेघेच्या निम्म्या जाडीपर्यंत वर न्यायचे, म्हणजे वरून पट्टी आली की सगळे जोड झाकले जातात. इंकस्केपमध्ये वस्तूंच्या यादीत जे सगळ्यात खाली असतं ते आधी शिवलं जातं, हे एकदा लक्षात ठेवलं की क्रम लावणं सोपं. शिवाय ऑटो-रूट अशी एक सोय आहे. ती निवडलेल्या पट्ट्यांच्या खालून साधे टाके नेऊन पुढच्या पट्टीपर्यंत पोहोचते, त्यामुळे उड्या आणि धागा कापणं कमी होतं. मात्र ती क्रम स्वतःच्या सोयीने बदलते. म्हणून मी एका अक्षराच्या पट्ट्या निवडते आणि तेवढ्यावरच ती चालवते. सगळा शब्द तिच्या हवाली करत नाही.

अनुस्वाराचा ठिपका २ मिलिमीटरपेक्षा लहान करू नका आणि त्याला सुरुवातीचे-शेवटचे गाठीचे टाके नक्की द्या. दुपटं रोज धुतलं जातं. गाठ नसेल तर पहिल्यांदा सुटतो तो ठिपकाच, आणि मग 'शंतनू'चा 'शतनू' होतो. 'ळ' च्या दोन्ही गोलांत आतल्या बाजूला टाक्यांची गर्दी होऊन धागा तुटतो. त्यासाठी आतल्या वळणावर काही टाके आखूड ठेवायची सोय दिलेली आहे, ती वापरा. 'क्ष', 'ज्ञ', 'श्री' मध्ये जिथे तीन रेघा एकत्र येतात तिथे एका पट्टीचा अंडरले काढून टाका. नाहीतर एकावर एक इतके थर साचतात की सुई ठक्‌ ठक्‌ वाजायला लागते.

अंतरपाटाची गोष्ट वेगळी आहे. तो फ्रेमपेक्षा कितीतरी मोठा. मजकूर तुकड्यांत भरावा लागतो आणि दर तुकड्याला कापड नव्याने ताणावं लागतं. तुकडा नेहमी दोन शब्दांच्या मध्ये पाडायचा, शब्दाच्या आत कधीच नाही. शिरोरेघ अर्धा मिलिमीटर जरी वरखाली झाली तरी नजर तिथेच जाते. मी प्रत्येक तुकड्याच्या दोन कोपऱ्यांत साध्या टाक्याची अधिकच्या चिन्हासारखी (+) खूण ठेवते, पुढच्या तुकड्याच्या फाइलमध्ये तीच खूण त्याच जागी येते, आणि सुई बरोबर आधीच्या खुणेवर टेकते का ते बघूनच मशीन चालू करते. काम झालं की त्या खुणा उसवून काढायच्या. आणि अंतरपाट दोन्ही बाजूंनी दिसतो, हे ठरवतानाच गिऱ्हाइकाला सांगा. एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला वधू. एकाच कापडावर भरलं तर एकीकडून अक्षरं उलटी दिसणार. म्हणून मी दोन वेगळी कापडं भरते आणि पाठीला पाठ लावून शिवते. कापडाखाली आधाराला लावलेला कागद आणि बॉबिनचा पांढरा धागाही त्यात झाकला जातो. काम दुप्पट, पैसेही त्या हिशेबात, पण दोन्हीकडच्या माणसांना सुलट वाचता येतं.

पथकाची मुलं राजमुद्रा मागतात. झब्ब्याच्या छातीवर, ८० मिलिमीटरमध्ये. अष्टकोनी चौकट, तिच्यात 'प्रतिपच्चंद्रलेखेव' पासून 'राजते' पर्यंत सगळा श्लोक. एवढ्या जागेत अक्षराची उंची ५-६ मिलिमीटरच्या वर जात नाही आणि रेघ येते अर्ध्या मिलिमीटरची. ७५ नंबरची सुईच मुळात पाऊण मिलिमीटर जाडीची असते. 'वर्धिष्णुर्विश्ववंदिता' तिने कसं उमटवावं? मी त्यांना इंकस्टिचमधला टाक्यांचा देखावा दाखवते. त्यात धागा खरा पडल्यासारखा दिसतो, आणि अक्षरांचा गोळा झालेला त्यांचं त्यांना कळतो. मग एक तर राजमुद्रा पाठीवर १८० मिलिमीटरमध्ये घ्यायची, नाहीतर छातीवर नुसतं पथकाचं नाव. शिवरायांची मुद्रा कुणाला वाचता येऊ नये अशी मी भरून देत नाही. काही मंडळं दुसरीकडे जातात, जाऊ देत.

सिम्युलेटर तर मी रोज वापरते. सुई कुठून सुरू होईल, कुठे उडी मारेल, धागा कुठे कापला जाईल, हे टाका-टाका पुढे सरकवत बघता येतं. एकूण टाके कळतात, त्यावरून वेळही काढता येतो. ९,००० टाके असतील आणि मशीन मिनिटाला ६०० टाक्यांवर लावलं असेल तर १५ मिनिटं, वर धागे बदलायचा वेळ. गिऱ्हाइकाला दर सांगायला हे बरं पडतं. एका कापडाचे आकडे एकदा जमले की ते नाव देऊन साठवता येतात. माझ्याकडे सुती कापड, सॅटिनचं कापड, टॉवेल आणि टी-शर्ट असे संच आहेत. टॉवेलवर भरताना वरून पाण्यात विरघळणारा पारदर्शक कागद घालायला विसरू नका, नाहीतर अक्षर टॉवेलच्या दोऱ्यांत बुडतं. ते कुठलंच सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही.

फाइल जेईएफ, पीईएस, डीएसटी अशा पुष्कळ प्रकारांत निघते, म्हणून ब्रदरचं मशीन असलेल्या मैत्रिणीला किंवा एकदम अनेक कापडं भरणाऱ्या मोठ्या मल्टिहेड मशीनवाल्याला मी तेच डिझाईन देऊ शकते. डीएसटीमध्ये रंगांची नोंद राहत नाही, फक्त थांबे राहतात. त्यासाठी धाग्यांच्या क्रमाचा छापील कागद काढायची सोय आहे, तो फाइलसोबत द्यावा. छपाईवाल्यांकडून श्रीलिपीत, म्हणजे मराठी टंकायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, केलेला मजकूर आला तर तुमच्याकडे तो फॉन्ट नसतो आणि अक्षरांच्या जागी भलतंच दिसतं. त्यांना अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे फॉन्टशिवायही दिसणारे आकार, करून पीडीएफ पाठवायला सांगा. इंकस्केप ती उघडतं.

आता उणिवा. चित्र टाकलं आणि बटण दाबून फाइल मिळाली, असं इथे होत नाही. गणपतीचा फोटो घेऊन येणाऱ्याला त्याच दिवशी काही देता येणार नाही. सॅटिन हाताने काढावं लागतं आणि पहिले काही आठवडे हात दुखतो, डोळे शिणतात. दाट भरणीचं मोठं डिझाईन असलं की साध्या लॅपटॉपवर आकडा बदलल्यावर वाट पाहावी लागते. तयार भरतकामाच्या फॉन्टचा साठा सोबत येतो, पण तो बहुतेक रोमन. मराठीसाठी मी ती खिडकी उघडतच नाही. आणि इंकस्केप न येणाऱ्याला दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात. ज्यांनी कोरल ड्रॉवर काम केलंय त्यांना हे सोपं जाईल. ज्यांनी कधी माउसने वळण काढलेलं नाही, त्यांनी आधी नुसत्या रेषा काढायचा सराव करावा.

मोठ्या कारखान्यात, जिथे दिवसाला ढीगभर डिझाईनं निघतात, तिथे विल्कॉमसारखं सॉफ्टवेअरच हवं. त्याचा वेग, त्याची आपोआप चालणारी कामं यांच्याशी इंकस्टिचची बरोबरी नाही. पण ते विकत घ्यायचं तर पूर्ण संचाला लाखांत पैसे लागतात, आणि एका सुईच्या मशीनवर दुपटी भरणाऱ्या बाईने ते का घालावेत? एवढ्या पैशांत दुसरं मशीन येईल.

सुरू करायचं असेल तर पहिला शब्द 'कमल' घ्या. फट नाही, मात्रा नाही, फक्त शिरोरेघ, काने आणि पोटं. जाड सुती कापडावर, खाली कागद लावून, अक्षराची उंची २५ मिलिमीटर ठेवून भरा. तो स्वच्छ आला की 'सावधान' करा, ध ची फट बघा. मग 'बाळ'. मग 'श्रद्धा'. प्रत्येक अक्षर झालं की त्याची एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपमधल्या चित्राची, फाइल वेगळी जपून ठेवा, नुसती जेईएफ ठेवू नका. जेईएफमध्ये फक्त टाके असतात, ती लहान-मोठी केली की दाटी बिघडते. एसव्हीजीमध्ये पट्ट्या आणि आकडे दोन्ही राहतात, आकार बदलला की टाके नव्याने मोजले जातात. माझी बाराखडी अशीच साठत गेली. आता नवीन नाव आलं तर त्यातली बरीच अक्षरं तयार असतात, एखादं जोडाक्षर तेवढं नव्याने काढावं लागतं.